उघडलेला टॅग बंद करण्याची शिस्त

एका व्यापाऱ्याच्या दुकानाच्या नावात ‘&’ हे चिन्ह होतं. आम्ही लिहिलेल्या वेब अ‍ॅप्लिकेशननं ते जसंच्या तसं पैसे पाठवण्याच्या एक्सएमएल फायलीत घातलं आणि पलीकडच्या सर्व्हरनं अख्खी फाइल परत पाठवली. बाकीच्या सगळ्या नोंदी अचूक होत्या, तरी एकाचेही पैसे सुटले नाहीत. ‘&’ हे एक्सएमएलमध्ये राखीव चिन्ह; त्याच्या जागी ठरलेली खूण लिहावी लागते, ती आम्ही लिहिली नव्हती. त्या रात्री ही भाषा मला आडमुठी वाटली. आज तिचा तोच गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

एक्सएमएल १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची अधिकृत शिफारस झाली. टिम ब्रे, ज्याँ पाओली आणि सी. एम. स्पर्बर्ग-मॅक्वीन हे तिचे संपादक. कामाची धुरा जॉन बोसाक यांनी वाहिली. १९८६ सालच्या एसजीएमएल या अवजड प्रमाणातून वेबला पेलेल तेवढंच त्यांनी घेतलं. तोवर आमच्या हाती एचटीएमएल होतं. मजकूर पानावर कसा मांडायचा ते त्यातून कळे. समोरचा आकडा भाव आहे की फोन नंबर, हे कळत नसे. दुसऱ्याच्या पानावरून भाव उचलणारा प्रोग्रॅम त्या पानाची मांडणी बदलली की कोलमडायचा. एक्सएमएलमध्ये प्रत्येक गोष्टीला तिचं नाव देता आलं आणि सोबत अट आली: उघडलेला टॅग बंद झालाच पाहिजे. नियम मोडला की फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं, म्हणजे पार्सरनं, अंदाज बांधायचा नाही, थांबायचं.

मराठीसाठी यात आणखी एक मोठी गोष्ट होती. तेव्हा मराठी संकेतस्थळांवर ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याचे त्याचे संकेत. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती चिन्हांची रांगोळी. एक्सएमएल युनिकोडवर उभं होतं. यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ वाचता येणं प्रत्येक पार्सरला बंधनकारक होतं. <गाव>सातारा</गाव> असं लिहिलं तर मजकूरच काय, टॅगचं नावही देवनागरीत चालत होतं. संगणकाच्या व्याकरणात आपली लिपी पाहुणी म्हणून नव्हे, हक्कानं बसलेली मी तिथे पहिल्यांदा पाहिली.

पुढची काही वर्षं भरतीची होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये एक्सएसएलटी आलं आणि एकाच डेटातून वेगवेगळी पानं घडवता येऊ लागली. २००० साली सोप १.१ आलं. एक सर्व्हर दुसऱ्याला पत्र लिहावं तसा प्रश्न विचारू लागला. पण पाकिटं फुगत गेली; चार अक्षरांच्या प्रश्नाभोवती पानभर वेष्टण. सगळी फाइल झाडासारखी मेमरीत उभी करणारं डॉम सोयीचं होतं, पण मोठ्या फायलीपुढे सर्व्हर धापा टाकायचा. मग सॅक्स या पद्धतीकडे वळून फाइल ओळीनं वाचत जायची सवय लावून घ्यावी लागे.

ब्राउझरमधली गोष्ट वेगळी घडली. मायक्रोसॉफ्टनं १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याची सोय दिली. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं आणि त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. त्या नावातलं शेवटचं अक्षर एक्सएमएलचं होतं, पण त्या वाटेनं धावू लागलं जेसन. डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेलं हे रूप जावास्क्रिप्टला थेट उमगत होतं, आटोपशीर होतं. २००९ मध्ये एक्सएमएलच्या नियमांवर बेतलेल्या एक्सएचटीएमएल २ चं काम गुंडाळलं गेलं. २०१३ मध्ये ट्विटरनं आपल्या एपीआयमधून एक्सएमएल काढलं. बाहेरची फाइल आत ओढण्याची एक्सएमएलची जुनी सोय चोरवाट ठरली. वेब सुरक्षेतल्या धोक्यांच्या २०१७ च्या ओवॅस्प यादीत तिचा क्रमांक चौथा होता. पडद्यापुरता जेसनचा विजय योग्यच होता, असं मला मनापासून वाटतं.

मात्र जिथे एकमेकांना न ओळखणाऱ्या संस्था पैशांचा व्यवहार करतात, तिथे एक्सएमएल टिकलं. रिझर्व्ह बँकेची नवी आरटीजीएस ऑक्टोबर २०१३ मध्ये आयएसओ २००२२ या प्रमाणावर सुरू झाली. तिचे संदेश एक्सएमएलमध्ये असतात. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयवरून मंडईतल्या भाजीवाल्या मावशींना आपण वीस रुपये पाठवतो, तेव्हाही बँका आणि एनपीसीआय यांच्यामध्ये डिजिटल सही केलेले एक्सएमएल संदेशच फिरतात. कोणता टॅग कुठे, त्यात आकडा की अक्षरं, हे स्कीमा आधीच ठरवतो. सहीपूर्वी मजकूर एका ठरीव साच्यात बसवतात, म्हणजे गुणधर्मांचा क्रम बदलला तरी सही जुळते आणि एक अंक बदलला तर जुळत नाही.

‘&’ च्या त्या रात्री पलीकडच्या सर्व्हरनं आमच्या मनातलं ओळखून घेतलं असतं, तर फाइल तेव्हाच पुढे गेली असती. पण ओळखण्यात चूक झाली असती, तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात पडले असते आणि ते आम्हाला कळलंही नसतं. सकाळी आम्ही ती एक खूण दुरुस्त केली, फाइल पुन्हा पाठवली आणि सगळ्यांचे पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात पोचले.