ज्याच्या राज्याला तलवार नाही

आज गुड फ्रायडे. मराठी ख्रिस्ती जनांचा उत्तम शुक्रवार. कॅथलिक मंदिरांत आज घंटा वाजत नाही, वेदीवर वस्त्र नसते. प्रॉटेस्टंट मंदिरांत वधस्तंभावरील सात उद्गारांवर चिंतन चालते. प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत मात्र सर्वत्र वाचला जातो, आणि त्यातील एका प्रसंगापाशी आम्ही दर वर्षी थबकतो.

रोमन सुभेदार पिलात न्यायासनावर बसला आहे. समोर बांधलेला कैदी उभा आहे. तू राजा आहेस काय, एवढेच पिलाताला जाणून घ्यायचे आहे. कैदी राजेपण नाकारीत नाही; मात्र आपले राज्य ऐहिक नाही, तसे असते तर सेवकांनी शस्त्र उचलले असते, असे सांगतो. अखेर तो राजा असल्याची पाटी इब्री, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत त्याच्या वधस्तंभावर लागली. सत्तेच्या लेखी तो आरोप होता. श्रद्धेने त्यात सत्य वाचले.

या राजाच्या अनुयायांनी त्याचे मोल दिले. रोमन साम्राज्यात ते कर भरीत, सम्राटासाठी प्रार्थनाही करीत. पण त्याला देव मानून धूप जाळण्यास नकार देत. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना कैसराची शपथ घेऊन सुटका करून घेण्यास सांगण्यात आले. ८६ वर्षांची सेवा त्यांनी एका क्षणाच्या भयापायी मोडली नाही. ते चितेला सामोरे गेले.

परंतु केवळ हुतात्म्यांची कथा सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इ. स. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली आणि ३८० मध्ये तो साम्राज्याचा धर्म ठरला. छळ सोसणाऱ्यांचे वारस पुढे स्वतःच छळ करू लागले. आमच्या शेजारी गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन, मधला अल्प खंड वगळता, १८१२ पर्यंत चालले. तेथे क्रूस राजदंडाला बांधला गेला होता. ही लाज आम्ही झाकू नये.

ही गाठ सोडविण्याचा एक यत्न आपल्या महाराष्ट्रात झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनची सेवा केली. ख्रिस्त त्यांनी अभंगांतून गायिला, कीर्तनांतून सांगितला; देशप्रेमाची कविताही त्याच लेखणीतून उतरली. १९११ मध्ये दिल्लीत पंचम जॉर्ज बादशहाचा दरबार भरला, तेव्हा राजेमहाराजे मुजऱ्याला गेले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ज्याचा बाप्तिस्मा झाला तो आणि ज्याचा झाला नाही तोही, ख्रिस्ताचा शिष्य म्हणून त्या दरबारात बंधूच होता. १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि त्यांचे कार्य अपुरे राहिले. पण ख्रिस्ताचे होण्यासाठी परकीयांचे व्हावे लागत नाही, हे त्यांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले.

तुमची निष्ठा नेमकी कोठे, असे आम्हांला आजही अधूनमधून विचारले जाते. आमचे उत्तर साधे आहे. ही भूमी आमची, हिचे कायदे आमचे, हिचे सुखदुःख आमचे. पूजा मात्र कोणत्याही सिंहासनाची नाही. हे उत्तर इतरांना देण्यापूर्वी आपण स्वतःला द्यावे. जात, पक्ष, पैसा, मंडळीतील मानाची खुर्ची, हेही लहानसहान कैसरच होत, आणि त्यांच्यापुढे आमच्या हातून धूप कितीदा जळतो!

पिलातापुढे उभे राहणे कठीण खरेच. पण पिलाताच्या आसनावर बसण्याचा मोह आवरणे त्याहून कठीण. आज क्रूसापुढे गुडघे टेकताना, आपण नक्की कोणाच्या दरबारात उभे आहोत, एवढे जरी आपण तपासले, तरी हा शुक्रवार उत्तम ठरेल.