ताऱ्याचं वजन, चंद्राची संगत

आकाशदर्शनाला जमलेल्या हौशी मंडळींचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. तारे अजूनही जन्मतात का? मृगातला काक्षी तारा फुटणार कधी? शनीला इतके चंद्र आणि आपल्याला एकच का? तोही दूर चाललाय म्हणतात, ते खरं का? कुणाला हे प्रश्न बाळबोध वाटतील, मला वाटत नाहीत. दीडशे वर्षं मोठमोठे शास्त्रज्ञ यांच्याच मागे आहेत आणि चंद्राच्या जन्माचं उत्तर अजून पुरतं हाती आलेलं नाही.

ताऱ्यांचं आधी घेऊ, कारण त्यांचा हिशेब त्यातल्या त्यात सरळ आहे. तारा तापलेल्या वायूतून बनतो अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात लागतो तो कमालीचा थंड वायू, उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपासचा. तापलेला वायू पसरू पाहतो; थंड असला तरच गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढू शकतं. कोणता ढग आपल्याच भाराने कोसळेल याचं सूत्र जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये मांडलं. गाभा एक कोटी अंशांच्या घरात तापला की हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं आणि तारा पेटतो. मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो धूसर ठिपका दिसतो, तिथे हे आजही चालू आहे. सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरच्या त्या तेजोमेघातले कित्येक तारे जेमतेम दहा-वीस लाख वर्षांचे आहेत. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा.

पुढचं आयुष्य मुख्यतः वस्तुमानावर ठरतं आणि तेही उलट्या न्यायाने. जड ताऱ्याकडे इंधन जास्त, पण तो ते इतक्या झपाट्याने जाळतो की लवकर संपतो. सूर्याला एकूण हजार कोटी वर्षं मिळतील. सूर्याच्या पंधरापट वस्तुमानाच्या ताऱ्याला जेमतेम कोटभर वर्षं मिळतात. व्याधाचं उदाहरण पाहा. १८६२ मध्ये त्याच्याजवळ एक फिकट जोडीदार सापडला. आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान सूर्याएवढं. जन्म दोघांचा एकत्रच, पण हा मुळात जड होता, म्हणून आधी विझला आणि श्वेतबटू झाला. श्वेतबटूला सूर्याच्या १.४ पटीहून अधिक वस्तुमान पेलत नाही, हा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी ऐन तारुण्यात, १९३० च्या सुमारास लावलेला शोध. काक्षीचा गाभा ती मर्यादा ओलांडणार, म्हणून तिचा स्फोट अटळ आहे. २०१९ च्या अखेरीस ती अचानक मंदावली तेव्हा घटका जवळ आली असं अनेकांना वाटलं. पण तिनेच बाहेर टाकलेला वायू थंड होऊन झालेली धूळ आड आली होती. स्फोटाला अजून हजारो वर्षं लागतील, कदाचित लाखभर.

चंद्रांना असा एक नियम नाही. काही ग्रहाभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत घडतात. नरतुरंग तारकासमूहातल्या पीडीएस ७० या कोवळ्या ताऱ्याच्या एका ग्रहाभोवती अशी तबकडी चिलीमधल्या आल्मा दुर्बिणींनी स्पष्ट टिपली, ते २०२१ मध्ये जाहीर झालं. आपल्या चंद्राएवढे तीन चंद्र घडावेत इतका ऐवज तिच्यात आहे. काही चंद्र पकडून आणलेले असतात. नेपच्यूनचा ट्रायटन उलट्या दिशेने फिरतो तो त्यामुळेच. शनीच्या २७४ चंद्रांपैकी बहुतेक असे पकडलेले लहानसे तुकडे आहेत.

एकदा घडल्यावर मात्र चंद्राचं सगळं संगतीवर अवलंबून असतं. गुरूचा आयो आपल्या चंद्राहून किंचितच मोठा. एकटा असता तर केव्हाच थंडावला असता. पण युरोपा आणि गॅनिमीड त्याची कक्षा पुरती गोल होऊ देत नाहीत, त्यामुळे गुरूचं आकर्षण त्याला सतत पिळत राहतं. या पिळण्याने आयोचं अंतरंग वितळलेलं असावं, असं पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स यांनी मार्च १९७९ मध्ये छापलं आणि त्याच महिन्यात व्हॉयेजर-१ ने तिथले धगधगते ज्वालामुखी दाखवले. भाकीत इतक्या लगेच खरं ठरण्याचे प्रसंग विज्ञानात विरळाच. मंगळाचा फोबॉस मंगळाच्या दिवसापेक्षा लवकर फेरी पूर्ण करतो, म्हणून भरतीचं बळ त्याला खाली ओढतं. सुमारे पाच कोटी वर्षांत त्याचा शेवट होईल. आपल्याकडे पृथ्वीची स्वतःभोवतीची फेरी चंद्राच्या फेरीपेक्षा लवकर होते, म्हणून तो वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. अपोलोच्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या आरशांवर लेसर सोडून हे मोजलं जातं.

पण हा चंद्र आला कुठून? चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव जॉर्ज यांच्या मते तो पृथ्वीतूनच सुटला. १९७५ मध्ये हार्टमन आणि डेव्हिस यांनी मोठ्या टकरीची कल्पना मांडली, आणि आज बहुतेकांना तीच पटते: मंगळाएवढा, थिया नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळला, उडालेल्या राडारोड्यातून चंद्र जमला. चंद्राचा लोहगाभा इतका लहान का, हे त्यातून छान उलगडतं. अशा टकरीनंतर चंद्र वितळलेलाच असणार; त्यावर एके काळी वितळलेल्या खडकाचा समुद्र होता याला चंद्रयान-३ च्या प्रज्ञानने दक्षिण ध्रुवाकडच्या मातीतून पुष्टी दिली. अडचण एकच, पण मोठी. चंद्रावरच्या खडकांतल्या ऑक्सिजनचं समस्थानिकांचं प्रमाण पृथ्वीशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. मग थियाचा अंश गेला कुठे? यावर निघालेली उत्तरं हुशारीची आहेत, पण मला त्यांतलं एकही अजून निर्णायक वाटत नाही. नुसत्या संगणकी गणितांनी हा वाद मिटणार नाही. वेगवेगळ्या जागांचे आणखी खडक हवेत. चंद्राच्या पलीकडच्या बाजूची माती चीनने २०२४ मध्ये आणली. चंद्रावरून नमुने आणणाऱ्या चंद्रयान-४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंजुरी दिली आहे.