पिकअपच्या हौद्यास संरक्षक लेप

आष्टी तालुका हा पर्जन्यछायेचा मुलूख. येथे पावसाळ्यातील आठवडेच्या आठवडे पुष्कळदा कोरडे जातात, आणि चैत्र-वैशाखात तर हवेत ओलावा म्हणून उरत नाही. अशा प्रदेशात लोखंड गंजण्याचे भय ते काय, असे कोणासही वाटेल. ही तक्रार कोकणातील माणसाने करावी. आष्टी-कड्याच्या शेतकऱ्याने ती का करावी? परंतु बाजाराच्या दिवशी उभ्या असलेल्या पाच-सहा वर्षे चाललेल्या मालवाहू गाड्यांचे हौदे जरा वाकून पाहावेत. पुढील भिंतीच्या पायथ्याशी, चाकांवरील उंचवट्यांच्या कडेने आणि मागील फाळक्याच्या बिजागरीपाशी पत्रा पोपडे धरून सुटलेला आढळतो. एखाद्या गाडीत तर भोकांतून खालचा रस्ता दिसतो. इंजिन अद्याप उत्तम, कर्जाचे हप्ते नुकते कोठे फिटलेले, आणि हौदा मात्र गेलेला, अशी ही स्थिती असते.

बैलगाडीच्या काळात हा प्रश्न नव्हता. गाडीची साटी लाकडाची, लोखंड काय ते चाकाच्या धावेला व आसाला. पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली आली, व २००५ साली टाटा कंपनीने ‘एस’ ही लहान गाडी बाजारात आणल्यापासून, जिला लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात, लहान मालवाहू गाडी मध्यम शेतकऱ्याच्याही आटोक्यात आली. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला खरा, तथापि कड्याच्या किंवा नगरजवळील नेप्तीच्या बाजारात कांदा न्यावयाचा तर शेताच्या बांधापासून तो पिकअपमध्येच भरावा लागतो. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी खताच्या गोण्या, आठवड्याच्या बाजाराला शेळ्या, आणि हंगामात कांदा, असा एकाच हौद्याचा चौफेर उपयोग होतो.

गंजाचे मूळ या उपयोगातच आहे. पावसाचा दोष त्यात थोडा. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे रसायनदृष्ट्या पोटॅशियम क्लोराइड, आपल्या खाण्याच्या मिठाचे सख्खे भावंड. फाटक्या गोणीतून त्याचे चार खडे पत्र्याच्या सांध्यात पडले की पहाटेच्या दमट हवेतील ओलावा ते ओढून घेतात आणि तो तेथेच धरून ठेवतात. पावसाळ्यात घरातील मीठ पाझरते तसाच हा प्रकार. युरिया व इतर अमोनियायुक्त खतेही याच स्वभावाची. त्यांत सांडलेल्या दुधाचे आंबणे आणि शेळ्या-गुरांचे मूत्र यांची भर पडते. म्हणजे आकाशातून थेंब पडला नाही तरी हौद्याचे कोपरे ओलेच राहतात. कोरड्या मुलखात गंज धरतो तो असा, आणि पाऊस थोडा म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नाही.

यावर लोक जे उपाय करतात ते आम्हांस पसंत नाहीत. पहिला उपाय जळके ऑइल फासण्याचा. इंजिनातून काढलेल्या तेलात धातूंचा कीस व जळणातून उत्पन्न झालेली विषारी द्रव्ये असतात. त्याच हौद्यात कडब्याच्या पेंढ्या टाकल्या की ते गुरांच्या पोटात जाते. शिवाय एकदा ऑइल सांध्यात मुरले की पुढे कोणताही चांगला लेप तेथे धरत नाही. दुसरा उपाय डांबराचा. गाडीच्या पोटाखाली डांबरी लेप ठीक आहे. हौद्यात मात्र तो उन्हाने पघळतो, गोण्यांस चिकटतो व मालास वास लावतो. तिसरा उपाय सर्वांत महाग व सर्वांत लोकप्रिय: तळावर दुसरा जाड पत्रा मारून घेणे. नऊ फूट लांब व साडेपाच फूट रुंद तळावर २ मिलिमीटर जाडीचा पत्रा घातला तर त्याचे वजन सुमारे ७२ किलो भरते. युरियाच्या ४५ किलोच्या दीड गोणीहून अधिक भार गाडीने प्रत्येक फेरीस फुकट वाहावयाचा. तो भारही सोसला असता, परंतु दोन पत्र्यांच्या मध्ये शिरलेले खारे पाणी बाहेर पडण्यास वाट राहत नाही आणि मूळ पत्रा आतून, कोणास न दिसता, कुजत जातो. रबरी चटई या मानाने बरी, पण ती आठवड्यातून एकदा उचलून खालचा तळ धुऊन वाळवला तरच.

उरला तो चिवट लेपाचा मार्ग. पॉलियुरेथेन या पदार्थाचा शोध १९३७ साली जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. त्याच जातीचा जाड, रबरासारखा लेप हौद्यास लावण्याची रीत अमेरिकेत पिकअपधारकांत सर्वत्र रूढ झाली आणि तेथून ती इकडे आली. साध्या इनॅमल रंगाचा एक हात वाळल्यावर केसाहूनही पातळ असतो; कांद्याची पहिली गोणी ओढली की त्यावर ओरखडा उठतो. हा लेप दोन पोस्टकार्डे एकावर एक ठेवावीत इतका, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, जाड बसतो आणि मार पडला तर फुटण्याऐवजी दबतो. त्याचे एकूण वजन पाच-सहा किलोंवर जात नाही.

गाडी नवी असतानाच हे काम करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारखान्यात पत्र्यावर दिलेले अस्तर इतके उत्तम असते की घरी त्याची बरोबरी होणे नाही. नव्या गाडीत ते खरवडून लोखंड उघडे करू नये. केवळ १८० नंबरच्या काचकागदाने त्याची चकाकी मोडावी, म्हणजे लेपास पकड मिळते. पाचव्या वर्षी गंजलेल्या हौद्यावर आठ दिवस खपून जे साधते, त्याहून अधिक पहिल्या महिन्यात दोन दिवसांत साधते.

परंतु पुष्कळांच्या गाड्या जुन्याच असणार, यास्तव त्यांची तयारी जरा विस्ताराने सांगतो. कारण लेप सुटतो तो बहुधा तयारीतील आळसामुळे, आणि दोष मात्र डब्यास दिला जातो. प्रथम हौदा गरम पाण्याने व कपड्याच्या सोड्याने दोन वेळा धुवावा. हे काचकागद मारण्याच्या आधी करावयाचे; पुष्कळजण उलट करतात आणि खताचे क्षार पत्र्यात घासून बसवतात. मिठात टाकलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते हे घरोघर ठाऊक आहे. क्षाराचा हाच गुण लेपाखाली बाधतो. वरून जलाभेद्य दिसणाऱ्या लेपातूनही तो ओलावा हळूहळू आत ओढून घेतो आणि काही महिन्यांत लेपावर फोड उठतात. असा फोड फोडून पाहिला तर आत पाणी व गंजाचा चिखल सापडतो. गंजावर तसाच चढवलेला लेप हा उघड्या पत्र्याहूनही वाईट, कारण रोग झाकला जातो.

धुऊन झाल्यावर तारेच्या ब्रशाने व ग्राइंडरने सुटे पोपडे काढावेत. टोकदार हत्याराने पत्रा टोचून पाहावा. टोक आत गेले तर तो भाग कापून नवा तुकडा जोडलाच पाहिजे. वेल्डिंगचे सर्व काम लेपाच्या आधी उरकावे. लेपावर मागाहून वेल्डिंग केल्यास तो जळून अत्यंत विषारी धूर निघतो, ही गोष्ट कारागिरासही सांगून ठेवावी. खळग्यांत रुतलेला गंज निघत नसेल तर गंज पालटणारे द्रावण मिळते. त्यातील एका जातीत टॅनिन असते, जे हिरड्यात व बाभळीच्या सालीत आहे. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून काळी शाई करीत, ती ज्या क्रियेने काळी होई त्याच क्रियेने गंज येथे काळा व स्थिर होतो. दुसऱ्या जातीत फॉस्फोरिक आम्ल असते. त्याचा वापर झाल्यावर पृष्ठभाग डब्यावरील सूचनेप्रमाणे धुवावा.

आता तेलाची परीक्षा. स्वच्छ फडक्याने थिनर लावून तळ पुसावा व पाणी ओतून पाहावे. पाणी सलग पसरले तर पत्रा निर्मळ; पाण्याचे मणी झाले तर तेल शिल्लक आहे असे समजून पुन्हा पुसावे. ज्या गाड्यांत जळके ऑइल फासले गेले आहे त्यांत ही परीक्षा तीन-चार वेळाही करावी लागेल. नंतर पत्रा पूर्ण वाळू द्यावा. उघड्या लोखंडावर दोन भागांचे इपॉक्सी अस्तर द्यावे. पूर्वी लोखंडास शेंदराचे अस्तर देत. ते गंजास रोखी खरे, पण शेंदूर हे शिशाचे प्राणिद असून विषारी आहे, तेव्हा जुन्या दुकानात मिळाला तरी घेऊ नये. तळातील पाणी निघून जाण्याची भोके अस्तराने किंवा लेपाने बुजू देऊ नयेत. त्यांत लाकडी खुंट्या बसवून ठेवाव्यात.

किती माल आणावा याचा हिशेब सोपा आहे. वर सांगितलेल्या मापाचा तळ सुमारे ५० चौरस फूट, आणि सव्वा फूट उंचीच्या चारी भिंती मिळून ३६ चौरस फूट. एकंदर ८ चौरस मीटर. अर्धा मिलिमीटर जाडीस वाळलेला लेप ४ लिटर लागतो. डब्यातील निम्मा भाग उडून जाणारा असेल तर ८ लिटर, व सांडलवंडीसह ९ लिटर धरावा. दुकानदार चार लिटरांत भागेल असे सांगेल; भागते, पण निम्म्या जाडीत.

या लेपाचा हार्डनर आयसोसायनेट जातीचा असतो. १९८४ सालच्या डिसेंबरात भोपाळमध्ये जो वायू सुटला तो याच कुळातील. हार्डनर त्याप्रमाणे सहज उडून जाणारा नाही, म्हणून तशी धास्ती घेण्याचे कारण नाही. तथापि त्याचे तुषार फुप्फुसात गेले तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यास नासले की पुढे अगदी अल्प मात्राही सोसत नाही. सबब घरच्या घरी फवाऱ्याने हा लेप मारू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. फवारणी करणाऱ्यास बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो; तोंडाला गुंडाळलेला पंचा त्यापुढे काहीच नव्हे. रोलर व कुंचला वापरावा, मोकळ्या हवेत काम करावे, हातमोजे, चष्मा व रासायनिक वाफ शोषणारा मुखवटा घालावा, आणि मुले व विडी दोन्ही दूर ठेवावीत.

हंगाम दिवाळीनंतरचा किंवा माघ-फाल्गुनातला उत्तम. वैशाखात दुपारी पत्रा इतका तापतो की द्रावक तत्क्षणी उडून लेपास सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. पावसाळ्यात हवेतील ओलाव्याशी हार्डनरचा संयोग होऊन बुडबुडे येतात. दव पूर्ण उडाल्यावर सकाळी दहाच्या सुमारास सावलीत आरंभ करावा. अर्ध्या तासात संपेल इतकाच माल एका वेळी कालवावा. पातळ करण्यास डब्यावर सांगितलेलाच थिनर घ्यावा, स्वस्त एन. सी. थिनरमध्ये मद्यार्क असतो व तो हार्डनर खाऊन टाकतो, मग लेप महिनाभर चिकटच राहतो. कोपरे व सांधे कुंचल्याने आधी भरावेत, मग रोलरने एक हात आडवा द्यावा, तो वाळला की दुसरा उभा.

रंग कोणता, याविषयी आमचा आग्रह राखाडीचा. परदेशी चित्रांत सर्व हौदे काळे दिसतात. परंतु आमच्या उन्हात काळा तळ तापतो आणि खालच्या थरातील कांदा, टोमॅटो भाजून निघतो. पोताचेही तसेच. फार खरखरीत केला तर दुधाचे कॅन घसरत नाहीत हे खरे, पण कांद्याच्या जाळीदार गोण्या ओढताना फाटतात, आणि खताची धूळ खाचांत राहून झाडून निघत नाही. तळास बारीक पोत द्यावा व भिंती गुळगुळीत ठेवाव्यात.

लेप दुसऱ्या दिवशी हातास कोरडा लागतो, म्हणून लगेच गोण्या भरू नयेत. आठवडाभर गाडी हलक्या कामासच वापरावी. पुढे खत वाहिल्यावर त्याच दिवशी हौदा धुवावा, आणि दरवर्षी मृगापूर्वी पुढचे कोपरे व बिजागऱ्या तपासून जेथे ओरखडा लोखंडापर्यंत गेला असेल तेथे थोडा लेप लावावा. यासाठी मूळ मालाचा डबा जपून ठेवता येतो. उघडलेला हार्डनर मात्र हवेतील ओलावा घेऊन बिघडतो व घट्ट बंद केल्यास डबा फुगतो, म्हणून तो लहान बाटलीत नवा आणावा. कालवून उरलेला माल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यातच, झाकण न लावता, तो घट्ट होऊ द्यावा, आणि दगडासारखा झाल्यावर टाकावा.