काळ्या घोड्याची भेट

आमच्या काशीगावापासून घोडबंदरचा किल्ला फारसा दूर नाही. पूर्वी त्या बंदरात अरबी घोड्यांची खरेदी-विक्री होत असे व त्यावरूनच त्यास हे नाव पडले, असे सांगतात. आज तेथे घोडे नाहीत. नाव तेवढे मागे उरले आहे. अशीच एक मौज मुंबई शहरात पाहावयास मिळते. तेथील एका प्रसिद्ध भागास ‘काळा घोडा’ म्हणतात. ज्या घोड्यामुळे हे नाव मिळाले, तो १९६५ साली तेथून हलविण्यात आला. पुढे अर्धशतकभर ती जागा घोड्यावाचून राहिली. परंतु तिचे नाव कोणी बदलले नाही.

जुन्या इमारती, ग्रंथालये, संग्रहालये व चित्रशाळा इतक्या दाटीने एकत्र आलेला दुसरा भाग मुंबईत क्वचितच सापडेल. आम्ही काही विद्यार्थ्यांसह तेथे एक दिवस घालविला. त्या दिवसाची हकीकत सांगणे हा येथे मुख्य हेतू नाही. असा भाग कसा पाहावा, म्हणजे तो नुसता डोळ्यांपुढून न जाता मनात राहील, हे आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस समजावे, एवढाच उद्देश आहे.

कोणत्याही जुन्या इमारतीपुढे उभे राहिले असता तिला तीन प्रश्न विचारावेत. पहिला : तुझा दगड कोठला? दुसरा : तुजसाठी पैसा कोणी दिला व श्रम कोणी केले? तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा : तुझे दार पूर्वी कोणासाठी उघडे होते, व आज कोणासाठी आहे? ह्या तीन प्रश्नांची शिदोरी बरोबर घेतली म्हणजे वाटाड्याची फारशी गरज उरत नाही.

मीरा रोड स्थानकावर गाडीत बसावे व चर्चगेटास उतरावे. वाटेत मालाड स्थानक लागते, ते लक्षात ठेवावे. कारण पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच आहे. मालाडच्या खाणींतील पिवळसर दगडाने दक्षिण मुंबईतील कित्येक भव्य इमारती उभ्या राहिल्या आहेत. आपण रोज ज्या स्थानकावरून बेफिकीरपणे पुढे जातो, त्याच्याच परिसरातील भूमीने शहरास त्याचे रूप दिले, हे कळले म्हणजे प्रवासातच निम्मे शिक्षण होते.

चर्चगेटाहून ओव्हल मैदान ओलांडले की समोर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा दिसतो. त्याची उंची २८० फूट असून बांधकाम १८७८ साली पुरे झाले. प्रेमचंद रायचंद ह्या व्यापाऱ्याने त्यासाठी द्रव्य दिले व आपल्या मातेचे नाव त्यास दिले. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट ह्या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाचा. पण तो स्वतः हिंदुस्थानात कधीच आला नाही. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांच्या दगडी आकृती आहेत. त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र ह्या एतद्देशीय अभियंत्याने सिद्ध केले. अशा रीतीने, जो पाहुणा येथे आला नाही त्याच्या कल्पनेस येथील माणसांनी आपले चेहरे दिले. ह्या मैदानाभोवतीच्या इमारतींस २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आहे.

तेथून महात्मा गांधी मार्गावर आलो की आपण काळ्या घोड्यापाशी पोहोचलो. येथे थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. पूर्वी मुंबईच्या किल्ल्यास तटबंदी होती. १८६० नंतरच्या दशकात, सर बार्टल फ्रियर हे गव्हर्नर असताना, ती पाडून टाकण्यात आली, व मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर उठले. ‘रॅम्पार्ट रो’ ह्या येथील रस्त्याच्या जुन्या नावात त्या तटाची आठवण अद्याप शिल्लक आहे. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढे झालेला सातवा एडवर्ड बादशहा, हिंदुस्थानात आला होता. त्या भेटीच्या स्मरणार्थ सर आल्बर्ट ससून ह्यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहरास अर्पण केला व १८७९ साली तो येथे उभा राहिला. पुतळा काळसर धातूचा होता. त्यावर युवराज बसला होता हे खरे. पण सामान्य जनांनी त्याची दखल घेतली नाही. त्यांनी घोडा पाहिला, त्याचा रंग पाहिला, आणि जागेचे नाव ठेवून टाकले. स्वातंत्र्यानंतर, १९६५ साली, पुतळा भायखळ्याच्या उद्यानात नेऊन ठेवण्यात आला. मग २०१७ साली ह्या ठिकाणी श्रीहरी भोसले ह्या शिल्पकाराने घडविलेला नवा काळा घोडा उभा राहिला. त्याच्या पाठीवर स्वार नाही. लोकांनी पूर्वीच जो निवाडा दिला होता, त्यावर जणू मोहोर उमटली.

घोड्याच्या जवळच डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. ही इमारत १८७० साली पुरी झाली. मालाडच्या दगडाचा पिवळा रंग येथे सहज ओळखू येतो. ह्या संस्थेचे मूळ आम्हांस विशेष आवडले. १८४७ साली सरकारी टांकसाळीत व गोदीत काम करणाऱ्या काही तरुण कारागिरांनी यंत्रविद्येचा अभ्यास करण्यासाठी व व्याख्याने ऐकण्यासाठी एक मंडळ काढले. त्यांच्यापाशी हौस होती, जागा नव्हती. बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून ह्यांनी ६०,००० रुपये दिले व कारागिरांच्या मंडळास घर मिळाले. थोर देणगीदाराचे नाव दारावर राहिले, हे योग्यच झाले. पण दारापाठीमागची मूळ इच्छा दिवसभर हातोडा चालविणाऱ्या हातांची होती, हेही विसरू नये.

ह्याच रस्त्यावर ‘एस्प्लनेड मॅन्शन’ ही लोखंडी सांगाड्याची इमारत आहे. ती पूर्वी वॉटसनचे हॉटेल म्हणून प्रसिद्ध होती. तिचे लोखंडी खांब व तुळया इंग्लंडात ओतून जहाजाने येथे आणल्या व मग एकमेकींस जोडल्या. ह्या हॉटेलात युरोपियनांसच प्रवेश असे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम येथेच दाखविण्यात आली, व तिकीट एक रुपया होते. परंतु विद्या व कला ह्यांस एका दिवाणखान्यात कोंडून ठेवणे कोणासही साधलेले नाही. लवकरच तेच खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात चार आण्यांपासूनच्या तिकिटांत इतरांसही पाहावयास मिळू लागले. आणि तीनच वर्षांनी, १८९९ साली, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ह्या महाराष्ट्रीय छायाचित्रकाराने हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चलच्चित्र स्वतः काढले. आज ह्या इमारतीची दशा शोचनीय आहे. २००५ साली तिचा काही भाग कोसळला व २०१९ साली धोकादायक म्हणून ती रिकामी करण्यात आली. जी इमारत कोणाच्याच उपयोगाची राहत नाही, ती कितीही प्रसिद्ध असली तरी टिकणे कठीण जाते, हा धडा तिच्याकडे पाहून मिळतो.

रस्त्याच्या टोकास छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. त्याची कोनशिला १९०५ साली बसविण्यात आली. जॉर्ज विटेट ह्यांच्या आराखड्यानुसार इमारत १९१४ साली पुरी झाली. तोच पहिले महायुद्ध सुरू झाले, आणि जेथे मूर्ती व चित्रे मांडावयाची तेथे जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. शेवटी १९२२ साली संग्रहालय लोकांस खुले झाले. कुर्ल्याचा काळसर निळा दगड व मालाडचा पिवळसर दगड ह्यांची जोड येथे फार सुरेख साधली आहे. वरील घुमट पाहून विजापूरच्या गोलघुमटाचे स्मरण होते, व आत शिरताच एका जुन्या नाशिककर वाड्यातील लाकडी कमानींचे काम दृष्टीस पडते. आत मीरपूर खास येथील मृत्तिकाशिल्पे, लघुचित्रे, शस्त्रे व टाटा बंधूंनी दिलेला मोठा संग्रह आहे. एका दिवसात सर्व पाहण्याचा हव्यास मात्र धरू नये. एक दालन निवडावे, पाच वस्तू निवडाव्या व प्रत्येकीपुढे स्वस्थ उभे राहावे. पंक्तीत सर्व पदार्थ चाखणाऱ्यास एकाचीही चव नीट लागत नाही.

संग्रहालयाच्या शेजारी जहांगीर कलादालन आहे. ते १९५२ साली सर कावसजी जहांगीर ह्यांच्या देणगीतून, त्यांच्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ उघडले. त्यापूर्वी तरुण चित्रकारांस आपली चित्रे मांडण्यास जागा मिळणे दुर्घट होते. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपने १९४९ साली आपले प्रदर्शन रॅम्पार्ट रोवरच भरविले होते. त्या मंडळीत गाडे व बाकरे ही आपल्या ओळखीची आडनावे आढळतात. हुसेन हे सिनेमाच्या जाहिरातींचे फलक रंगवीत, आणि आरा ह्यांनी तर मोटारी धुऊन पोट भरले होते. आजही कलादालनाच्या बाहेर पदपथावर कित्येक चित्रकार आपली चित्रे मांडून बसलेले दिसतात. आतील भिंतीइतकीच ही बाहेरील भिंतही लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे.

येथे घडलेला एक लहानसा प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्याबरोबर एक विद्यार्थी होता. त्याच्या गणिताच्या वहीच्या समासात गणितापेक्षा बैल, होड्या व माणसेच अधिक असतात. पदपथावरील चित्रांपुढे तो बराच वेळ रेंगाळला. पण कलादालनाच्या पायऱ्यांशी येताच त्याचे पाय अडखळले. हळूच म्हणाला, “सर, आपल्याला आत सोडतील का? आपण काही विकत घेणार नाही ना.” आम्ही म्हणालो, “अरे, येथे तिकीटसुद्धा नाही. चल.” तो आत आला खरा, परंतु पहिली काही मिनिटे भिंतीला अंग चोरूनच चालला. मग एका मोठ्या चित्रापुढे थांबला. तेथे बसलेल्या चित्रकर्तीने त्यास विचारले, “काय दिसते तुला ह्यात?” थोडा विचार करून तो म्हणाला, “भरतीचं पाणी. पण घरात शिरलेलं.” बाई हसल्या व म्हणाल्या, “बरोबर. तू कुठे राहतोस?” त्याने काशीगावाचे नाव सांगितले, तेव्हा त्याच्या आवाजात मघाची भीती उरली नव्हती.

त्या दिवशी आम्हांस आमच्याच तिसऱ्या प्रश्नाचे पुरे उत्तर मिळाले. दार उघडे असणे ही एक गोष्ट आहे, व ते आपल्यासाठी उघडे आहे हे माहीत असणे ही दुसरी. हॉटेलच्या दारावरील मज्जाव काळाने पुसून टाकला. पण मनातील मज्जाव प्रत्येकास स्वतःच पुसावा लागतो. लहान मुलांच्या बाबतीत हे काम वडील माणसांनी त्यांचे बोट धरून करावयाचे असते. म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, वर्षातून एखादी सुटी तरी ह्या कामी खर्च करावी. त्यास फार पैसा लागत नाही. संग्रहालयास तिकीट आहे. जहांगीर कलादालनात मुक्तद्वार आहे. समोरच्या सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ सालापासून राष्ट्रीय आधुनिक कलादालन आहे. ते सोमवारी बंद असते, म्हणून तो वार टाळावा. १९९९ पासून फेब्रुवारीच्या सुमारास येथे मोठा कलामहोत्सव भरत आला आहे. त्याची शोभा अवर्णनीय असते. परंतु पहिल्या भेटीसाठी साधा दिवसच बरा, कारण गर्दीत माणसे दिसतात, इमारती दिसत नाहीत. बरोबर एक वही व पेन्सिल असावी. छायाचित्र क्षणात निघते व क्षणात विसरते. पण एका कमानीचे वेडेवाकडे का होईना, स्वतः चित्र काढले म्हणजे ती कमान जन्मभर आपली होते.

परतताना दिवेलागण झाली होती. गाडी मालाडास थांबली तेव्हा दोघातिघांनी खिडकीबाहेर डोकावून पाहिले. तेथे दगडाची खाण कोठून दिसणार? पण आपण कोठून जात आहो हे त्यांस आता ठाऊक होते. आमचा तो चित्रकार मात्र वहीत काही काढीत होता. आम्ही पाहिले तो एक घोडा होता. पाठीवर स्वार नव्हता, व मागे बुरूज होता. “हा कोठला बुरूज?” असे विचारता तो म्हणाला, “आपल्या घोडबंदरचा.”

बालमित्रांनो, दूरची स्थळे पाहण्याचे खरे फळ हेच होय. तेथे शिकलेले तीन प्रश्न घेऊन पुढच्या रविवारी आपल्याच गावच्या किल्ल्यावर, जुन्या विहिरीवर, देवळाच्या किंवा चर्चच्या पायरीशी, आजीच्या घराच्या ओटीवर उभे राहा. दगड कोठला, श्रम कोणाचे, दार कोणासाठी, हे विचारा. आणि उत्तरे सांगणारी वृद्ध माणसे आपल्यात आहेत तोवरच ती लिहून ठेवा.