हवामान बदलाच्या पदवीत नेमकं शिकतात काय?

समजा, हिवरा आश्रमच्या (ता. मेहकर, जि. बुलढाणा) शिवारात सोयाबीनच्या शेंगा भरताना पावसाने तीन आठवडे दडी मारली. खंड का पडला, हे हवामानशास्त्र सांगतं. भारी जमीन ओल किती दिवस धरेल आणि मुरमाड किती, हे मृदाशास्त्र. पण विहिरीत पाणी असूनही ते पिकाला देता येईल का, हे विजेच्या वेळेवर आणि खिशातल्या पैशांवर ठरतं. एका विषयाचं हे कामच नाही.

म्हणून आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम आले. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हवामान बदल व शाश्वततेचं पदव्युत्तर शिक्षण आहे. आयआयटी मुंबईत याच विषयात पीएचडी करता येते.

उपयोग काय? बुलढाण्याचा समावेश असलेल्या ‘पोकरा’ प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत तयार केली. पडलेला पाऊस, वाहून गेलेला, मुरलेला आणि पिकांची गरज, असा हा हिशेब. तूट किती, ते आकड्यांत कळतं. शेततळं कुणाच्या रानात घ्यायचं, हा वाद मात्र गावातच मिटवावा लागतो.

तेव्हा प्रवेश घेण्याआधी एवढं जरूर विचारा: अभ्यासक्रमात गावात राहून करायचं काम किती आठवड्यांचं आहे?