‘ओ-थ्री’ लावलं की प्रोग्रॅम पळतोच?

खोडद हे जुन्नर तालुक्यातलं गाव. तिथल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, त्यांच्यामागे राबणारं सॉफ्टवेअर मात्र कुणाला दिसत नाही. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, म्हणजे 435 जोड्या. प्रत्येक जोडीच्या संकेतांचा गुणाकार करायचा आणि बेरीज करत राहायची. पूर्वी हे काम खास बांधलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करायची. पुढे ते लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांच्या ताफ्याकडे आलं. त्यावरचा शोधनिबंध 2010 साली प्रसिद्ध झाला. तेव्हाचा 32 मेगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे एका वाहिनीतून सेकंदाला किमान 6 कोटी 40 लाख नमुने. इथे संगणक मागे पडून चालत नाही. अशा कामासाठी कंपायलरला काय सांगावं, म्हणजे ‘ओ-झिरो’ ते ‘ओ-थ्री’ या कोड वेगवान करण्याच्या चढत्या पातळ्यांपैकी कोणती लावावी, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: ‘ओ-थ्री’ हे ‘ओ-टू’पेक्षा नेहमीच वेगवान.
वस्तुस्थिती: ‘ओ-थ्री’मध्ये कंपायलर कोड जास्त पसरवतो. तो कॅशमध्ये मावेनासा झाला की वेग उलट घटतो. लिनक्सचा गाभा आजही ‘ओ-टू’वरच बांधला जातो, 2022 मध्ये ‘ओ-थ्री’ची सूचना आली, ती लिनस टोरवाल्ड्सनी मानली नाही.

गैरसमज: लूप साधा असेल तर कंपायलर एका फटक्यात चार-आठ आकडे मिळवेलच.
वस्तुस्थिती: पूर्णांकांचं ठीक आहे, दशांशांच्या बेरजेत तसं होत नाही. 1 वर 16 शून्यं असलेल्या आकड्यात 1 मिळवा आणि तोच मोठा आकडा वजा करा: ‘डबल’मध्ये उत्तर 0 येतं. आधी वजाबाकी, मग बेरीज केली तर 1. क्रम बदलला की उत्तर बदलतं, म्हणून जीसीसी हा कंपायलर ‘ओ-थ्री’वरसुद्धा दशांशांच्या बेरजेचा क्रम आपल्या मर्जीने बदलत नाही. आणि दुर्बिणीचं निम्मं काम तर बेरीजच!

मग लोक ‘फास्ट-मॅथ’ ही सेटिंग लावून मोकळे होतात. त्याने क्रम बदलायची मुभा मिळते खरी, पण ‘नॅन’ (‘हा आकडाच नाही’ असं सांगणारं मूल्य) कधी येणारच नाही असंही कंपायलर गृहीत धरतो. खराब नोंदीवर ‘नॅन’ची खूण करायची पद्धत अनेक प्रोग्रॅमांत असते. ती तपासणारी ओळच कंपायलर उडवू शकतो, आणि कचरा गुपचूप बेरजेत जातो. त्यापेक्षा हातानेच चार वेगळ्या बेरजा चालवून शेवटी एकत्र कराव्यात. तिथेही क्रम बदलतोच, पण तो आपण ठरवलेला असतो.

गैरसमज: ‘ओ-झिरो’वर बरोबर, ‘ओ-टू’वर चूक, म्हणजे कंपायलर बिघडला.
वस्तुस्थिती: बहुतेक वेळा आपल्याच कोडमध्ये अ‍ॅरेबाहेरचं वाचन किंवा मूल्य न दिलेलं चल दडलेलं असतं. कंपायलरला दोष देण्याआधी अशा चुका पकडणारा सॅनिटायझर चालवा.

गैरसमज: सगळ्या प्रकल्पाला एकच सेटिंग हवी.
वस्तुस्थिती: तसं बंधन नाही, फाइलनिहाय सेटिंग देता येते. ‘मार्च-नेटिव्ह’ जपून वापरा: नव्या प्रोसेसरवर बांधलेला प्रोग्रॅम ताफ्यातल्या जुन्या मशीनवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळू शकतो.

माझं मत विचाराल तर सगळा प्रकल्प ‘ओ-टू’वर बांधा, ‘पर्फ’ने वेळ कुठे जातो ते मोजा आणि जिथे तो जातो त्या दोन-चार फाइलींनाच ‘ओ-थ्री’सारखी वरची सेटिंग लावून बघा. जुनी-नवी उत्तरं ताडून पाहिल्याशिवाय ती सेटिंग मुख्य शाखेत घालू नका.