आपल्या व्हॅनचा क्लच

गेल्या पावसाळ्यात मोलगीच्या घाटात आपल्या जुन्या व्हॅनचे क्लचचे पेडल तळाला गेले आणि वर आलेच नाही. मागे एक गरोदर भगिनी व तिची सासू बसल्या होत्या. गिअर पडेना. देवाच्या दयेने मागून जीप आली आणि दोघी वेळेवर दवाखान्यात पोहोचल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. गाडी मात्र दोराने ओढून आणावी लागली.

मेस्त्री पाहताक्षणी म्हणाला, "भाऊ, क्लचप्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मी त्याला थांबवले. प्लेट झिजली की इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही. आमचे दुखणे वेगळे होते.

या गाडीत केबल नाही, क्लच तेलावर चालतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडर तेल पाइपातून पुढे ढकलतो. गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर त्या दाबाने काटा हलवतो व क्लच सुटतो. तेल गळले किंवा आत हवा शिरली की दाब बनत नाही.

म्हणून आधी डबीतले तेल पाहावे. कमी असेल तर गळती शोधावी. पेडलच्या मागे ओल दिसली तर दोष मास्टरचा, स्लेव्हच्या रबरी टोपीखाली दिसली तर स्लेव्हचा. तेल पुरेसे असून दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल, तर बहुधा मास्टरमधले रबर झिजलेले असते.

आमच्या स्लेव्हची टोपी उचलताच तेल ठिबकले. रबराचे किट बदलले. मग एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सैल करून हवा काढायची, निपल आवळल्यावरच पेडल सोडायचे. बुडबुडे थांबेपर्यंत हे केले. डबी मध्येच रिकामी होऊ दिली नाही, नाहीतर पुन्हा हवा शिरते. डबीवर लिहिलेले ब्रेक ऑइलच वापरावे. इंजिन ऑइलने रबर फुगते. काही गाड्यांत ब्रेक व क्लचची डबी एकच असते, तिथे तेल कमी होणे जिवावर बेतू शकते.

काही शे रुपयांत काम झाले. गिअरबॉक्स उतरवला असता तर आपल्या दानातले हजारो रुपये विनाकारण गेले असते. आता दर सोमवारी प्रार्थनेनंतर, गाडी पाड्यांकडे निघण्यापूर्वी, आम्ही डबी पाहतो.

गाडीसाठी व तिच्यातून येणाऱ्या मातांसाठी प्रार्थना करीत राहा.